‘व्यायाम करा’ एवढं सांगून भागत नाही, मग दवाखान्यात नेमकं काय करावं?

प्रश्न एका तरुण डॉक्टरांचा आहे. थोडक्यात असा: "दोन वर्षांपासून जनरल प्रॅक्टिस करतोय. एका पेशंटला जेमतेम सात-आठ मिनिटं मिळतात. बीपी, शुगर, गुडघे, पाठ, झोप, काहीही तक्रार असो, निम्म्या लोकांना मी ‘व्यायाम करा, चालायला जा’ असं सांगतो. सगळे मान डोलावतात आणि पुढच्या वेळी तसेच येतात. या सांगण्याला काही अर्थ आहे का? असला, तर माझं चुकतंय कुठे?"

मी हेच काम सव्वीस वर्षं करतेय, आणि पहिली आठ-दहा वर्षं मीही तुमच्यासारखंच सांगत होते. त्यामुळे हा वैताग मला ओळखीचा आहे. पण तुम्ही विचारलंय त्यापेक्षा जरा वेगळ्या जागी अडचण आहे, असं मला वाटतं.

बीपीची गोळी लिहिताना आपण काय करतो ते बघा. गोळीचं नाव लिहितो, किती मिलिग्रॅम ते लिहितो, सकाळी घ्यायची की रात्री ते सांगतो, महिन्याने बोलावतो आणि पुन्हा पट्टा बांधून बघतो. तोच पेशंट, तेच बीपी, पण व्यायामाची वेळ आली की आपण "काहीतरी औषध घेत जा" या धर्तीवर एक वाक्य टाकतो आणि पुढच्या भेटीत विषयही काढत नाही. पेशंट हुशार असतो. डॉक्टर ज्याचं माप लिहीत नाहीत आणि ज्याबद्दल पुन्हा विचारत नाहीत, ते त्यांना फारसं महत्त्वाचं वाटत नसणार, असं तो धरून चालतो. मान डोलावतो ती आपल्याला बरं वाटावं म्हणून.

आता सांगण्याला अर्थ आहे का, याचं प्रामाणिक उत्तर. आहे, पण किती ते आधी कळलेलं बरं, नाहीतर तुम्ही सहा महिन्यांत कंटाळाल. प्राथमिक आरोग्यसेवेत केलेल्या अशा प्रयत्नांच्या चाचण्यांचा एकत्रित आढावा २०१२ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला होता. त्याचा हिशेब असा: बैठं आयुष्य जगणाऱ्या साधारण १२ जणांसाठी हा प्रयत्न केला, तर वर्षानंतर त्यांतला एक जास्तीचा माणूस शिफारस केलेल्या पातळीला पोहोचलेला असतो. न्यूझीलंडमध्ये १९९८ पासून ‘ग्रीन प्रिस्क्रिप्शन’ नावाची पद्धत आहे. डॉक्टर किंवा नर्स बोलतात, ठरलेलं चिठ्ठीवर लिहून देतात आणि पुढचे काही महिने दुसरं कोणीतरी फोन करून विचारपूस करतं. तिथल्या ४२ दवाखान्यांतल्या, ४० ते ७९ वयाच्या ८७८ लोकांवरची चाचणी २००३ मध्ये प्रसिद्ध झाली. आकडा जवळपास तोच निघाला, दहा जणांमागे एक.

बारामागे एक म्हणजे कमी वाटेल. मला तो बराच चांगला वाटतो, कारण आपण रोज लिहितो त्या कितीतरी प्रतिबंधक औषधांचा हिशेब याहून कमी भरतो. पण त्याचा दुसरा अर्थही नीट घ्या: चांगलं काम केलं तरी अकरा जण जवळपास तसेच परत येणार. तुमच्या दवाखान्यात दिसतंय ते काही प्रमाणात या कामाचं नेहमीचं चित्रच आहे. आणि तो बारावा कोण, हे आधी ओळखता येत नाही. मी ओळखायचा प्रयत्न करायचे आणि सपशेल चुकायचे. ज्यांच्याकडे वेळ आहे, पैसा आहे, उत्साहाने बोलतात, ते करतील असं वाटायचं. प्रत्यक्षात बदलली ती एक अबोल बाई, सासूचं आजारपण काढणारी. तिला मी केवळ नियम म्हणून विचारलं होतं.

तेव्हा सुरुवात विचारण्यापासून. अमेरिकेत कैसर पर्मनेंटे या आरोग्यसंस्थेने दक्षिण कॅलिफोर्नियात २००९ पासून प्रत्येक प्रौढ पेशंटच्या नोंदीत दोन प्रश्न घातले, नाडी आणि बीपीच्या शेजारी. आठवड्यात किती दिवस अंगाला जरा श्रम होतील अशी हालचाल करता? त्या दिवशी साधारण किती मिनिटं? दोन्हींचा गुणाकार केला की आठवड्याची मिनिटं मिळतात. मी तेव्हापासून केसपेपरवर बीपीखाली तो आकडा लिहिते. ०, ४०, १२०, जे असेल ते. लोक वाढवून सांगतात, हे खरं आहे. सांगू द्या. आपल्याला त्या माणसाची त्याच्याशीच तुलना करायची आहे, आणि वाढवून सांगणारा पुढच्या वेळीही साधारण तेवढंच वाढवतो. "श्रम" म्हणजे किती, असं विचारलं तर सोपी खूण सांगा: चालता चालता बोलता आलं पाहिजे, पण गाणं म्हणता येऊ नये.

इथे एका शब्दाबद्दल सांगते. "व्यायाम" म्हटलं की अनेकांच्या डोळ्यांसमोर मैदान, ठरावीक कपडे आणि तरुण शरीरं येतात, आणि ते मनातल्या मनात स्वतःला बाद करतात. म्हणून मी तो शब्द सुरुवातीला वापरत नाही. "तुमचा दिवस कसा जातो?" असं विचारते. हालचाल आणि हृदय यांचा संबंध दाखवणारा सुरुवातीचा महत्त्वाचा अभ्यास कुठल्या खेळाडूंवर झालेलाच नव्हता. जेरेमी मॉरिस हे ब्रिटिश डॉक्टर-संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५३ मध्ये लंडनच्या दुमजली बसवरचे कर्मचारी तपासले. चालक दिवसभर बसून, तर कंडक्टर दिवसभर जिना चढत-उतरत. कंडक्टरांमध्ये हृदयविकाराचं प्रमाण कमी निघालं. पुढे मॉरिस यांनीच गणवेशांची मापं काढून दाखवलं की चालकांची कंबर मुळातच जास्त रुंद होती, म्हणजे सगळं श्रेय जिन्याला देता येत नाही. तरी त्या कंडक्टरांपैकी कोणी कामावर "व्यायाम" करत नव्हतं, ही गोष्ट मी पेशंटना आवर्जून सांगते. ती ऐकून अनेकांचा चेहरा सैल होतो.

याची दुसरी बाजूही आहे. दिवसभर ओझी उचलणाऱ्या, उभं राहून राबणाऱ्या माणसाला "रोज चालायला जा" सांगणं म्हणजे त्याचं आयुष्य न बघता बोलणं. त्याच्या श्रमाची मिनिटं मोजा, त्याला विश्रांतीबद्दल आणि पाठ सांभाळून उचलण्याबद्दल सांगा. सगळ्यांना एकच सल्ला देणं, ही माझी सुरुवातीच्या काळातली मोठी चूक होती.

आता मात्रा. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये जी मार्गदर्शक तत्त्वं दिली, त्यांनुसार प्रौढांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम श्रमाची किंवा ७५ ते १५० मिनिटं जोरकस हालचाल करावी, शिवाय किमान दोन दिवस स्नायूंच्या ताकदीचे व्यायाम. पासष्टीच्या पुढे आठवड्यातून किमान तीन दिवस तोल सांभाळण्याचा सराव हवा. हे तुम्हाला पाठ असेल. पण त्यात एक बदल झाला, तो अनेकांपर्यंत पोहोचलेला नाही. आधी सलग किमान दहा मिनिटं केलं तरच ते धरायचं, असं होतं. ती अट आता काढून टाकली आहे. तीन मिनिटांचा जिना, पाच मिनिटं भरभर चालणं, सगळं जमा होतं. "वेळच नाही" म्हणणाऱ्या माणसाशी बोलताना ही माहिती फार उपयोगी पडते.

तरीही पहिल्या भेटीत मी १५० हा आकडा क्वचितच काढते. शून्यावर असलेल्या माणसाला १५० म्हणजे डोंगर. दहा हजार पावलांचंही तेच. तो आकडा १९६५ च्या सुमारास जपानमध्ये विकायला आलेल्या पावलं मोजणाऱ्या यंत्राच्या नावातून पसरला, त्या यंत्राचं नावच ‘दहा हजार पावलांचं मापक’ या अर्थाचं होतं. त्यामागे तेव्हा वैद्यकीय चाचणी नव्हती. २०१९ मध्ये सरासरी ७२ वर्षं वयाच्या स्त्रियांचा मोठा अभ्यास आला. त्यात दिवसाला सुमारे ४,४०० पावलं चालणाऱ्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण २,७०० पावलं चालणाऱ्यांपेक्षा ४१ टक्के कमी होतं, आणि ७,५०० च्या आसपास फायदा वाढायचा थांबला. हा निरीक्षणाचा अभ्यास आहे, जास्त चालणाऱ्या स्त्रिया आधीपासूनच ठणठणीत असू शकतात, हे लक्षात ठेवूनही त्यातला मुद्दा माझ्या अनुभवाशी जुळतो. सगळ्यात मोठा लाभ तळाशी आहे, काहीच न करण्यापासून थोडं करण्याच्या टप्प्यात. म्हणून आजचा आकडा ४० असेल तर मी ६० मागते.

संवाद कसा करायचा, हे सगळ्यात जास्त सांगण्यासारखं आहे. पूर्वी पेशंट म्हणायचा, "मॅडम, वेळच मिळत नाही," आणि मी वेळ कसा काढता येतो यावर भाषण द्यायचे. मी जितकी कारणं द्यायचे, तितकी तो न जमण्याची कारणं द्यायचा. मी करायच्या बाजूने, तो न करायच्या बाजूने, आणि बाहेर जाताना त्याचं न करणंच पक्कं झालेलं असायचं. मिलर आणि रोलनिक या मानसशास्त्रज्ञांनी मांडलेल्या ‘मोटिव्हेशनल इंटरव्ह्यूइंग’ या संवादपद्धतीचा गाभा मला तेव्हा समजला: बदलाच्या बाजूचं बोलणं पेशंटच्या तोंडून आलं पाहिजे. आता मी असं बोलते:

"दिवस अगदी भरलेला दिसतोय तुमचा. त्यातली कुठली वेळ जरा तुमच्या हातात असते?"

"दुपारी जेवणानंतर पंधरा-वीस मिनिटं बसतो ऑफिसात."

"त्या वेळात काय जमेल असं वाटतं?"

"खाली एक चक्कर मारता येईल म्हणा."

"किती दिवस?"

"तीन दिवस तरी."

"शून्य ते दहामध्ये सांगा, तीन दिवस नक्की जमेल याची खात्री किती?"

खात्री सातच्या खाली आली, तर मी उद्दिष्ट लहान करते. तीनचे दोन दिवस, पंधराची दहा मिनिटं. ध्येय छोटं झालं म्हणून वाईट वाटून घेऊ नका. महिनाभर पाळलेली दहा मिनिटं पुढच्या महिन्यात आपोआप वाढलेली मी बघितली आहेत. चार दिवस पाळलेला तास मात्र पुन्हा कधी परत आलेला बघितलेला नाही.

मग ते चिठ्ठीवर, औषधांच्या यादीत, पहिल्या क्रमांकावर लिहा. "दुपारी जेवणानंतर १० मिनिटं चालणं, सोमवार-बुधवार-शुक्रवार, बोलता येईल पण गाता येणार नाही इतक्या वेगाने. दोन आठवड्यांनी १५ मिनिटं." केमिस्टकडे ती चिठ्ठी जाते, घरी सगळे वाचतात, आणि नवऱ्याने किंवा मुलीने "डॉक्टरांनी लिहिलंय की" म्हटलं की अर्धं काम होतं.

मोजणंही पेशंटकडेच द्या. लंडनमध्ये ४५ ते ७५ वयाच्या, फारशी हालचाल न करणाऱ्या १,०२३ लोकांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०१७ मध्ये आले. एका गटाला पावलं मोजायचं यंत्र, डायरी आणि बारा आठवड्यांचा चालण्याचा कार्यक्रम टपालाने पाठवला. दुसऱ्या गटाला तेच साहित्य, पण नर्सच्या भेटींसह. वर्षानंतर दोन्ही गट तुलनेच्या गटापेक्षा दिवसाला साधारण साडेसहाशे पावलं जास्त चालत होते, आणि तीन वर्षांनीही फरक टिकून होता. टपालवाला गट नर्सवाल्याच्या जवळपास बरोबरीने राहिला, याचं मला फार अप्रूप वाटलं. म्हणजे आपल्या सात-आठ मिनिटांवर सगळं अवलंबून नाही. ठरलेलं उद्दिष्ट, पावलं मोजायची सोय आणि रोज स्वतः लिहायची एक वही, एवढ्यावर बरंच होतं. हल्ली फोनही पावलं मोजतो. ज्यांच्याकडे तसा फोन नाही, त्यांना भिंतीवरच्या कॅलेंडरवर फुली मारायला सांगते.

सुरक्षिततेबद्दल माझीच एक चूक सांगते, कारण तुमच्या हातून ती होऊ नये. एका मधुमेही बाईंना मी सकाळी उपाशीपोटी चालायला सांगितलं. त्या ग्लिमेपिराइड ही साखर उतरवणारी, सल्फोनिलयुरिया गटातली गोळी घेत होत्या. चौथ्या दिवशी वाटेत त्यांना घाम फुटला, हातपाय थरथरले, रस्त्याच्या कडेला बसावं लागलं. सुदैवाने कोणीतरी काहीतरी गोड दिलं. पुढे वर्षभर त्या चालायला गेल्या नाहीत, आणि दोष माझा होता. इन्सुलिन किंवा सल्फोनिलयुरिया गटातल्या गोळ्या चालू असतील, तर कधी चालायचं, आधी काय खायचं, जवळ काय ठेवायचं आणि गोळीचा डोस कमी करायचा का, हे त्याच भेटीत बोला. नुसत्या मेटफॉर्मिनवर असलेल्यांना ही भीती सहसा नसते. पायाची संवेदना कमी झाली असेल तर बूट आणि तळवे रोज तपासायला सांगा. डोळ्यांच्या पडद्याचा मधुमेही विकार पुढच्या टप्प्यात असेल, तर श्वास रोखून जड वजन उचलणं टाळायला सांगा. बीटा ब्लॉकर, म्हणजे हृदयाचा वेग कमी ठेवणारी औषधं, घेणाऱ्यांना नाडीचे आकडे देऊ नका, नाडी हवी तितकी वाढत नाही. त्यांना बोलण्या-गाण्याची खूण पुरते.

श्रमाने छातीत दुखणं, चालताना चक्कर येऊन पडणं, नव्याने सुरू झालेली धडधड किंवा बसल्या जागी दम लागणं यांपैकी काहीही असेल, तर आधी तपासणी, चालणं नंतर. पण कुठलंही लक्षण नसलेल्या माणसाला सावकाश चालायला सुरुवात करण्यासाठी ईसीजी आणि स्ट्रेस टेस्टच्या रांगेत उभं करू नका. त्या रांगेतच त्याची उमेद संपते.

गुडघेदुखीवाले सगळ्यात जास्त घाबरतात, झीज वाढेल म्हणून. संधिवाताच्या झिजेत बेताची हालचाल आणि मांडीच्या स्नायूंची ताकद वाढवणं हाच उपचाराचा भाग आहे, हे त्यांना स्पष्ट शब्दांत सांगावं लागतं. मी एक नियम देते: चालताना थोडं दुखलं आणि दुसऱ्या दिवसापर्यंत पूर्ववत झालं, तर चालेल. चोवीस तासांनंतरही जास्तच दुखत असेल किंवा सूज आली, तर मात्रा कमी करा, बंद करू नका. ताकदीसाठी खुर्चीतून हाताचा आधार न घेता उठणं-बसणं, आठ-दहा वेळा. हे मी दवाखान्यातच करून घेते. अर्धं मिनिट लागतं आणि त्यावरून पडण्याचा धोका किती याचाही अंदाज येतो.

वजन कमी होईल असं आश्वासन मात्र देऊ नका. नुसत्या चालण्याने वजन फारसं उतरत नाही. काट्यावर फरक दिसला नाही की माणूस सगळंच सोडतो. बीपी वाढलेल्यांमध्ये नियमित हालचालीने वरचा आकडा साधारण ५ ते ८ ने उतरतो, ते सांगा. झोप, सकाळचा आखडलेपणा, मनाची मरगळ यांत फरक बऱ्याचदा लवकर जाणवतो, त्याबद्दल पुढच्या भेटीत विचारा. मधुमेहाबाबत २०११ मध्ये आलेल्या एका मोठ्या आढाव्याने आपल्यासाठी अवघड गोष्ट दाखवली: देखरेखीखाली, आखून केलेल्या व्यायामाने एचबीएवनसी (दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी, टक्क्यांत मोजली जाणारी तपासणी) सुमारे ०.६७ टक्के अंकांनी घटलं, पण नुसत्या सल्ल्याचा परिणाम आहाराच्या सल्ल्याची जोड असेल तरच दिसला. तुमच्या आवाक्यात फिजिओथेरपिस्ट किंवा एखादा गट असेल आणि पेशंटची साखर चढीच राहत असेल, तर तिकडे पाठवण्यात कमीपणा मानू नका.

किती उपयोग होईल हे बरंचसं दवाखान्याबाहेर ठरतं. रात्रपाळी, अंधारी असुरक्षित वाट, घरात अंथरुणाला खिळलेलं माणूस, एकटीने बाहेर पडायची मुभा नसलेली बाई. अशा वेळी "इच्छाशक्ती हवी" हे वाक्य कृपया वापरू नका. घरातल्या घरात काय जमेल ते एकत्र शोधा, आणि काहीच जमण्यासारखं नसेल तर तसं कबूल करा. नैराश्याची शंका असेल तर आधी त्याकडे बघा. कोणी नुकतंच गेलं असेल, अंगात ताप असेल, तर त्या दिवशी विषयच काढू नका. आणि जो सरळ "मला नाही करायचं" म्हणतो, त्याला मी एवढंच म्हणते, "ठीक आहे. काही महिन्यांनी पुन्हा विचारलं तर चालेल ना?" आजवर कोणी नाही म्हटलेलं नाही.

वेळेचं गणित असं. दोन प्रश्न बीपी घेता घेता होतात, नर्स किंवा कंपाउंडर असेल तर त्यांच्याकडून आधीच होतात. उद्दिष्ट ठरवायला दोन मिनिटं, चिठ्ठीवर लिहायला अर्धं. प्रत्येकाशी करू नका, थकाल. दिवसातले पाच जण निवडा आणि त्यांच्या केसपेपरवर आकडा लिहा. पुढच्या भेटीत औषधांच्या आधी तो विषय काढा. मी तेव्हा "केलं का?" असं विचारत नाही, त्याला उत्तर एकतर फुशारकीचं येतं नाहीतर ओशाळवाणं. "दुपारच्या चालण्याचं कसं चाललंय?" असं विचारते. "पहिला आठवडा गेलो, मग पावसामुळे बंद पडलं" असं उत्तर आलं, तर त्याला पहिल्या आठवड्याबद्दल विचारा: कसा जमवलात तो? तो काय सांगतो ते ऐका, आणि पाऊस असताना ते कुठे करता येईल हे त्यालाच ठरवू द्या. मग नवा आकडा जुन्याखाली लिहा, तारखेसकट.